मागे घेणे न जमलेले आमदार

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आरोग्यमंत्री, सत्कारमूर्ती माजी आमदार, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सुविद्य पत्नी आणि बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्ती तीन वेळा निवडून आले. त्या सर्व काळात मी पक्षाचा प्रतोद होतो. म्हणजे आमच्या सभासदांनी केव्हा उठावे आणि मुख्यतः केव्हा बसावे, हे पाहणे माझे काम. इतर बसत. हे बसत नसत.

सभागृहाचा एक शिष्टाचार असतो. सभासदाने ठराव मांडावा, मंत्र्यांनी ‘विचार करू’ म्हणावे, सभासदाने आभार मानून ठराव मागे घ्यावा. यात कोणाचे काही बिघडते का? यांचे बिघडे. “विचार करून झाला की सांगा, तोवर मी उभा आहे,” असे हे मंत्र्यांना सुनावत. मंत्री माझ्याकडे पाहत. मी यांचा सदरा मागून ओढी. सदरे उसवले, ठराव मागे आला नाही. एकदा वैतागून विचारले, “अहो, तुमचं दुखतं तरी कुठे?” म्हणाले, “बसल्यावर.”

मंत्रिपद दोनदा दाराशी येऊन परतले. त्याची यांना खंत नाही, चुटपुट मलाच.

असो. आपल्या गावचे प्रसूतिगृह बंद करण्याचा आदेश निघाला आहे, आणि हे उद्यापासून त्याच्या फाटकाशी उपोषणाला बसणार आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, जोडीला मधुमेह. उपोषण मागे घेतल्याची घोषणा या व्यासपीठावरून व्हावी, यासाठीच, आडपडदा कशाला, आजचा सत्कार आहे आणि माझे भाषणही.

सकाळी यांच्या घरी जाऊन भरपूर युक्तिवाद केला. शेवटी म्हटले, “वहिनी, तुम्ही तरी समजवा.” त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे मला लग्नाआधी सांगायचं होतंत. आता सतरंजी काढून ठेवलीय. दोघांना पुरेल अशी.”

आत्ताही पाहा, मान हलते आहे. आडवी.

तेव्हा तर्काला एकच वाट उरते. दोहोंपैकी कोणीतरी माघार घेतली पाहिजे. ज्यांना ती जन्मात साधली नाही, त्यांच्याकडे ती मागणे व्यर्थ. मंत्रिमहोदय, आपल्या खात्याने गेल्या वर्षी कितीतरी आदेश काढले आणि मागे घेतले. आपला हात बसलेला आहे. हाही आदेश आपणच मागे घ्यावा.

सोपवलेले काम मी नेमके उलटे केले, याबद्दल आयोजकांनी उदार मनाने क्षमा करावी. आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. ध्वनिक्षेपक मंत्रिमहोदयांसाठी मोकळा करतो. व्यासपीठावरची माझी खुर्ची मात्र रिकामीच राहू द्या. मी खाली, वहिनींच्या शेजारी बसतो.