इंजिन निसटल्याच्या फोनबाबत

नाव : सगळे 'कंट्रोलसाहेब' म्हणतात, तेच लिहावे. वय : ६५. धंदा : रेल्वे कंट्रोलमधून सेवानिवृत्त, हल्ली छोट्या रेल्वेच्या क्लबाचा चिटणीस. राहणार : लाँड्रीच्या मागची इमारत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार.

मी आज रविवारी दुपारी पावणेदोन वाजता ठाण्यावर स्वतः येऊन, पूर्ण शुद्धीत आणि उपाशीपोटी सांगतो की,

आमचा क्लब लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी दहा ते एक भरतो. सभासद नऊ. चोवीस फुटी टेबलावर आपल्याच गावच्या स्टेशनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती आहे. फलाट चार, बोगदा एक, डोंगर एक. गाड्या विजेवर चालतात. बटण दाबलं की निघतात, बंद केलं की थांबतात. स्टेशनचे बारके दिवे उठून दिसावेत म्हणून पडदे ओढलेले असतात. गाड्या सुरू झाल्या की बोलायचं ते खऱ्या रेल्वेसारखंच, असा नियम आहे. 'खेळणं' हा शब्द हॉलमध्ये चालत नाही. नियम मीच केला आहे. एकतीस वर्षं कंट्रोलच्या खुर्चीत बसून मी फोनवर गाड्या हाकल्या. मला पोरखेळ खपत नाही.

माझे मेहुणे, म्हणजे सौ.चे धाकटे भाऊ, घड्याळजी आहेत. सहा वर्षं खपून त्यांनी खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन केलं. लांबी वीतभर. बॉयलरमध्ये पाणी अर्धा कप, खाली स्पिरिटचा दिवा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते सभेपुढे ठेवलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, तेल उडेल, माझे डबे खराब होतील. डॉक्टरांच्या स्वतःच्या इंजिनाच्या धुराड्याला दवाखान्यातला कापूस चिकटवलेला आहे, तोच त्यांचा धूर. बेकरीवाले म्हणाले, आवाजच हवा ना, माझ्या इंजिनात स्पीकर आहे, हवा तेवढा वाजवा. मी म्हणालो, "हे इंजिन नव्हे, कुकर आहे." सगळे खो खो हसले. मेहुण्यांनी इंजिन फडक्यात गुंडाळलं आणि ते निघून गेले. तेव्हापासून ते घरी येतात, बहिणीशी बोलतात, माझ्याशी नाही. मी समोर बसलो असलो तरी "त्यांना सांग" असं तिच्याकरवी सांगतात. सौ. मला म्हणाली, "माझा भाऊ सहा वर्षं एकेक स्क्रू घासतोय, आणि तुम्हाला घरचा गळका नळ बदलता येत नाही. जिभेला काही हाड आहे की नाही?" हे लिहू नये अशी मी विनंती केली. हवालदार म्हणाले, लिहून झालं.

सौ.च्या आग्रहावरून मी आज वाफेला एक फेरी मंजूर केली. आग्रह हा शब्द सौम्य आहे. फेरी फसेल असं मला वाटत होतं. खरं सांगायला बसलोय तर सांगतो, फसावी असंही वाटत होतं.

११.१० वाजता मेहुण्यांनी दिवा पेटवला. बेकरीवाल्यांनी आपले डबे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. डॉक्टरांना मी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "माझी पॅसेंजर वेळापत्रकात आहे. कुकरसाठी थांबणार नाही." त्यांनी ती त्याच लाइनवर पुढे सोडली. ११.२२ वाजता वाफ धरली. मेहुण्यांनी चावी सोडली. इंजिन आधी खोकलं, मग डॉक्टरांच्या शर्टावर गरम तेलाची पिचकारी मारून निघालं.

साहेब, ते चाललं. वाफेच्या आणि गरम तेलाच्या वासाने मी नोकरीच्या पहिल्या दिवसावर जाऊन पोचलो आणि माझ्या अंगावर काटा आला. कुणाला दिसू नये म्हणून मी स्वेटर घातला.

दुसऱ्या वळणावर त्याने वेग घेतला. तो कमी करायला मेहुणे वाकले, तेवढ्यात सेफ्टी वॉल्व्ह उडाला आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी जे पकडलं ते इंजिन नव्हतं, बेकरीवाल्यांचा अंगठा होता. इंजिन बोगद्यात शिरलं. डॉक्टर ओरडले, "करंट बंद करा! करंट!" आमच्याकडे तीस वर्षं गाडी थांबते ती करंट बंद केल्यावर. बेकरीवाल्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

त्याने सगळं थांबलं. पंखे थांबले, खाली लाँड्रीतलं मशीन थांबलं, डॉक्टरांची पॅसेंजर फलाट तीनच्या तोंडाशी जागच्या जागी थांबली. वाफेच्या इंजिनाला करंटशी काय देणंघेणं? अंधारात, खाली निळा जाळ घेऊन, ते बोगद्यातून बाहेर आलं. समोर तीच पॅसेंजर उभी.

त्या वेळी माझ्या हाताने फोन घेतला. मी घेतला असं मी म्हणणार नाही. खऱ्या कंट्रोलचा नंबर पाठ होता. मी सांगितलं ते असं : "इमर्जन्सी. मुख्य लाइनवर इंजिन निसटलं आहे. चालक नाही. फलाट तीनवर पॅसेंजर उभी, बहात्तर माणसं. सिग्नल बंद. बंब आणि रुग्णवाहिका पाठवा." पलीकडच्या मुलीने विचारलं, कोण बोलतंय. मी म्हणालो, "सेक्शन कंट्रोल, सकाळची पाळी." मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. बहात्तर माणसं डॉक्टरांनी रंगवलेली आहेत, प्रत्येकी अर्धा इंच.

त्या मुलीने सगळं नियमाप्रमाणे केलं. खऱ्या स्टेशनचा फलाट रिकामा केला, दोन गाड्या अडवल्या, चार मिनिटांत बंब पोचवले. हे मला नंतर ठाण्यावर कळलं. तिला कुणी बोल लावू नये. पळापळीत एका बाईंची छत्री हरवली, तिची भरपाई मी देईन.

आमच्या हॉलमध्ये घडलं ते असं. इंजिन पॅसेंजरला मागून हलकेच टेकलं, तिला ढकलत फलाट तीनवर नेलं आणि पाणी संपल्यावर उभं राहिलं. बहात्तर माणसांपैकी एक हमाल आडवा झाला. डोंगर कागदाच्या लगद्याचा असल्यामुळे वाफेने बसला. गाडी एक मिनिट उशिरा लागली.

हवालदारांनी मला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. डॉक्टरांनी आग लागली होती असं लिहून दिलं आहे. मीही तसंच म्हणालो तर घाबरून फोन केला असं धरता येईल आणि मी सुटेन. मग इंजिन जप्त होईल आणि मेहुण्यांवर गुन्हा दाखल होईल. आग नव्हती म्हणालो तर मी जाणूनबुजून खोटी खबर दिली असं होईल. "काका, पेन्शनचा विचार करा," असंही ते म्हणाले. माणूस भला आहे.

तरी मी सांगतो की आग लागली नव्हती. जाळ दिव्याचा होता आणि दिव्यातच होता. इंजिनात काडीचा दोष नाही. दोष असेल तर मेन स्विच पाडणाऱ्या सभासदांचा, आणि त्यांनाही सवयीने दगा दिला. खोटी खबर मी जाणूनबुजून दिलेली नाही. एकतीस वर्षांत अशी शेकडो इंजिनं मी पाहिली आहेत, आणि मला ते खरं वाटलं. डब्यातली आणि फलाटावरची माणसं खरी वाटली, मरतील असं वाटलं. तो फोन मी कुकरसाठी केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी भर सभेत बोललो ते मत्सरातून बोललो. माझ्याच्याने असं इंजिन सात जन्मांत झालं नसतं.

एवढंच माझं सांगणं. हवालदारांनी ते पहिल्यापासून वाचून दाखवलं. लिहिलं आहे ते माझ्याच तोंडचं आहे, फक्त मी 'गाढवांचा' म्हटलं तिथे 'सभासदांचा' घातल्याबद्दल हरकत नाही.

वाचन चालू असताना मेहुणे बाहेरच्या बाकावर, स्वतःच्या जबाबाची वाट पाहत होते. 'मला ते खरं वाटलं' पासूनचा भाग पुन्हा वाचा, असं त्यांनी दारातून सांगितलं. त्यांचा या जबाबाशी संबंध नाही असं बजावून हवालदारांनी तो पुन्हा वाचला. मेहुण्यांनी आणखी एकदा सांगितल्यावर हवालदारांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग मीच वाचू लागलो. पहिल्याच ओळीला मेहुणे थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, "भाऊजी, जरा मोठ्यानं."

मी उभं राहून वाचलं. सही केली आहे.