झडपांतले बोळे

शीतल : आत्या, डोळे उघडे ठेवा. झोपू नका. इकडं बघा माझ्याकडं.

झुंबरबाई : दार काहून उघडं टाकलंय? गारठा शिरंल ना आत.

हरिओम : घ्या! धड शुद्धीवर आली न्हाई, अन् पहिली चिंता कशाची, तर दाराची.

(तुतीच्या मळ्यातलं रेशीमकिड्यांचं शेड, थंडीतली सकाळ. हरिओमनं आईला आतून उचलून बाहेर उन्हात बाजेवर आणून निजवलंय. आपली भीती बायकोला, शीतलला, दिसू नये म्हणून तो मोठमोठ्यानं बोलतोय.)

झुंबरबाई : मला काय धाड भरलीय? पित्त खवळलं असंल. लिंबूपाणी करून दे गं शीतल.

हरिओम : पित्त न्हाई ते, माय! कोळशाचा गॅस चढलाय तुला. पाला घिऊन आलो, हाका मारून राह्यलो, तर तू ढिम्म. गदागदा हलवलं, तरी ढिम्म. मला वाटलं... जाऊ दे. शेगडी आत कुणी आणली?

झुंबरबाई : मीच. शेगडी काय पायानं चालत येती?

हरिओम : शेडात शेगडी न्हाई म्हणून कानीकपाळी वरडलो होतो ना मी? त्याच्यासाठीच हीटर आणला. वर झडपा केल्या. आतली खराब हवा बाहेर फेकायला भिंतीत पंखा बसवला. कुणासाठी केलं समदं?

झुंबरबाई : अळ्यांसाठी.

हरिओम : हां, अळ्यांसाठीच. अन् तू त्यांच्याच जिवावर उठली. शीतल, हे बघ इकडं. एक झडप सोडली न्हाई हिनं. समद्यांत चिंध्यांचे बोळे कोंबलेत. अरे, हे तर माझं बनियन हाय!

शीतल : आणि पंख्याच्या तोंडावर गोणपाट. सुतळीनं गच्च बांधलंय. आत्या, उंचावर चढलात कशा तुम्ही?

झुंबरबाई : रॅकवर पाय देऊन. अन् काय करू मंग? रातभर घूं घूं करून राह्यतो तो. हीटर लावून आत गरम करायचं, अन् पंखा लावून तेच बाहीर फेकायचं. ही कुठली शिकलेल्या माणसाची अक्कल?

शीतल : सगळी ऊब नाही जात, आत्या. थोडी जाते. पण हवा बदलती राहिली नाही तर आतला जीव गुदमरतो. माणूस असो का अळी.

हरिओम : तिला काय समजावून सांगती? मी सांगून सांगून थकलो. हीटर कुठंय, माय?

झुंबरबाई : आत, माझ्या बाजेखाली. गोधडीत गुंडाळून ठिवलाय.

हरिओम : गोधडीत! झोपवला का काय त्याला?

झुंबरबाई : तुझ्या त्या हीटरनं पाला सुकतो. पान कडक झालं की अळी तोंड लावत न्हाई. तूच सांगितलं होतं मला.

हरिओम : म्हणून तर वल्ले पोते टांगायला सांगितले होते ना भिंतीला!

झुंबरबाई : वल्ल्या पोत्यानं गारवा सुटतो. तुझा तो गरमी मोजायचा काटा खाली येतो.

हरिओम : हात टेकले बुवा मी. ह्या बाईपुढं हात टेकले. अगं, मी पहाटं यायचो, काटा बघायचो, अगदी बराबर. मी म्हणायचो वा, हीटर मस्त काम करून राह्यला. गावात चार जणांना सांगितलं मी, हाच घ्या म्हणून! अन् शेगडी दिसली कशी न्हाई मला?

झुंबरबाई : दिसंल कशी? तू जेवून येऊन गेला की मंग मी आणायची. बोळे पण मंगच. पहाटं तू यायच्या आधी समदं बाहीर काढायचं, हीटर जागेवर ठिवायचा, बोळे गोधडीखाली. आज जागच आली न्हाई मला.

शीतल : जाग आली नाही म्हणतात ह्या. ऐकलं का तुम्ही?

हरिओम : ऐकलं. ऐकलं ना! म्हणूनच तर डोकं फिरून राह्यलं माझं. माय, कोळशाच्या त्या गॅसला वास नसतो. धूर नसतो. माणूस झोपतो अन् झोपेतच जातो. तुला कळतं का, काय झालं असतं?

झुंबरबाई : मला नको शिकवू शेगडी. अर्ध्या गावाच्या बाळंतिणी शेकल्या ह्या हातानं. पोर बाहीर आलं की पहिला निरोप मला, झुंबरबाईला बोलवा. खोली बंद करायची, भेगा बुजवायच्या, बाजेखाली शेगडी सरकवायची. एकीला कधी वारं लागू दिलं न्हाई मी. ही अळी तरी काय वेगळी? कात टाकली की वली बाळंतीणच ती. अंग कसं लुसलुशीत. तिला वाऱ्यावर टाकायची, अन् वरून सांजच्याला जराशी धुरी पण...

हरिओम : थांब. काय म्हणली?

झुंबरबाई : धुरी. ओव्याची. वाईच शेपा.

हरिओम : अळ्यांना धुरी दिली तू?

शीतल : अहो, हळू बोला. त्यांना बरं नाहीये.

हरिओम : काय हळू! ओव्याचा वास यायचा मला, मी म्हणलो खोकल्यासाठी चघळत असंल. अळ्या गळाटून राह्यल्या, पाल्यावरून माना टाकून राह्यल्या, तर मी त्या केदारखेड्याच्या माऊलीला फोन करून करून शिव्या घातल्या. बारक्या अळ्या त्याच्याकडून आणल्या होत्या ना! तुझा मालच रोगट म्हणलो. तो बिचारा पोराबाळांच्या शपथा खाऊन राह्यला, अन् इकडं माझी माय शेडात ओवा जाळून राह्यली!

झुंबरबाई : ओव्यानं कुणी मरत न्हाई. तू त्याच धुरीत वाढला.

शीतल : तेव्हाचं घर माळवदाचं होतं, आत्या. धूर जायला वर भोक होतं. ह्या शेडाला खाली फरशी, वर पत्रा, पत्र्याला आतून थर्माकोल. हवेला यायला-जायला त्या झडपाच काय त्या. त्याही तुम्ही बुजवल्या.

झुंबरबाई : तुला बोलता छान येतं.

शीतल : एक सांगा मला, खरं खरं. ते डोकं दुखायचं, ते कधीपासून?

झुंबरबाई : थंडी पडल्यापासून. सकाळी उठलं की जड जड व्हतं. उन्हात बसलं की उतरतं.

शीतल : अहो, मी सांगितलं होतं तुम्हाला. आत्यांचं डोकं रोज सकाळी दुखतं, बाहेर आल्या की थांबतं, हे काहीतरी वेगळं आहे म्हणून.

हरिओम : सांगितलं असशील.

शीतल : असशील नाही. सांगितलं. तुम्ही म्हणले, गोळी दे एक, अन् येताना शेडातला काटा बघून ये.

हरिओम : आता ते उकरून काढायची येळ हाय का?

शीतल : मी उकरत नाहीये. आज सकाळी तुम्हाला पाला कापायला उशीर झाला असता तर, एवढंच डोक्यात येतंय माझ्या.

हरिओम : बस कर, शीतल. शेजारच्या राधेश्यामला फोन लावलाय. गाडी घिऊन निघालाय तो. डॉक्टर फोनवर म्हणला, बोलायला लागली म्हणून घरी ठिवू नका, ऑक्सिजन लावावा लागंल.

झुंबरबाई : मी कुठं न्हाई जायची.

हरिओम : तुला इचारलंय कुणी? शीतल, तू जा हिच्यासंगं. मला इथून हलता येत न्हाई. शेड मोकळं करायचं, रोग पसरू नये म्हणून चुना भुरभुरायचा, दुपारचा पाला टाकायचा. ज्या वाचल्या त्या चार-सहा दिसांत कोषावर येतील. अशा येळंला सोडून गेलो तर समद्याच जातील.

शीतल : मी जाते. पण दवाखान्यात डॉक्टर पोराला विचारतात. सुनेला नाही.

हरिओम : फोन हाय ना माझा चालू! जा म्हणलं ना. आणि माय, तू ऐक. आजपासून शेडात झोपायचं बंद. बिलकुल बंद. आपलं घरात झोपायचं, तुझ्या खोलीत.

झुंबरबाई : बघू.

हरिओम : बघू न्हाई. काय वाईट हाय त्या खोलीत? खिडकीला जाळी बसवली. मऊ गादी आणली. उन्हाळ्यात कूलर लावून दिला तुला, समोरच्यांच्या घरी न्हाई असा.

झुंबरबाई : मी कुठं म्हणलं वाईट हाय? चांगली हाय खोली.

हरिओम : मंग?

झुंबरबाई : गमत न्हाई. जीव रमत न्हाई तिथं.

हरिओम : गमत न्हाई! टीव्ही ठेवू का आत? ठेवतो.

झुंबरबाई : नको मला टीव्ही. अळ्यांजवळ रातीचं कुणीतरी पाह्यजे. उंदीर येतो, पाल येती.

हरिओम : जाळ्या लावल्यात. उंदराच्या बापाला येता येत न्हाई.

झुंबरबाई : अन् काटा खाली गेला तर? रातीतून गारठा वाढतो. कोण बघायचं?

शीतल : आत्या, त्याचं आता यंत्र मिळतं. शेडात लावलं की आत किती गरम, किती गार, ते मोबाईलवर दिसतं घरबसल्या.

हरिओम : तेच लावणार हाय मी. ह्याच आठवड्यात. गारठा वाढला की हीटर आपोआप चालू, हवा कोंदली की पंखा आपोआप चालू. कुणाला झोपायला नको अन् मलाही पहाटं उठून पळत यायला नको. एकदाची कटकटच मिटली.

झुंबरबाई : म्हंजी तू येणारच न्हाईस?

हरिओम : कुठं?

झुंबरबाई : शेडात. जेवल्यावर. अन् पहाटं.

हरिओम : कशाला येऊ? मोबाईलवर दिसल्यावर कशाला येऊ?

झुंबरबाई : हां. कशाला येशील. खरंच हाय.

शीतल : आत्या? काय झालं? पुन्हा गरगरतंय का?

झुंबरबाई : न्हाई गं पोरी. बरी हाय मी.

शीतल : मग डोळ्यांत पाणी का आलं?

झुंबरबाई : उन्हानं आलं असंल.

हरिओम : ऊन तुझ्या पाठीमागं हाय, माय. काय हाय ते एकदा सांग. सकाळपासून जीव टांगणीला लावलाय तू माझा. शेडाचं एवढं काय घिऊन बसली? दुसऱ्याची माय असती तर म्हणली असती, सुटले बाई त्या वासातून.

झुंबरबाई : घरात तू जेवतो, तर मोबाईल बघत जेवतो. हात धुतो अन् जातो. माझ्या खोलीचं दार उघडंच असतं, हरी. गादी आणली त्या दिशी तू आत आल्ता. कूलर लावायला आल्ता. त्याच्यानंतर आत पाय टाकल्याचं मला तरी याद न्हाई.

हरिओम : कामं काय कमी हायेत का मला?

झुंबरबाई : हायेत ना. मी कुठं न्हाई म्हणते? पण शेडात तू येतोस. जेवून येतो, पहाटं येतो. काटा बघतो. काटा बराबर असला की तुझं तोंड खुलतं, मंग बाजेवर टेकतो जरासा. पाल्याचं सांगतो, जालन्याच्या बाजाराचं सांगतो. काटा खाली असला तर एक शब्द बोलत न्हाईस, तसाच माघारी जातो.

शीतल : म्हणून शेगडी?

झुंबरबाई : काटा खाली जाऊ दिला न्हाई मी कधी.

हरिओम : माय...

झुंबरबाई : जाताना दारातून इचारतो पण. "बरं हाय ना समदं?" म्हणून.

हरिओम : ते... ते मी अळ्यांचं इचारत असतो.

झुंबरबाई : ते का कळत न्हाई मला? पण सांगायला तर मीच असते ना तिथं.

शीतल : गाडी आली बघा. राधेश्यामभाऊ, इकडं, इकडं आणा! पार बाजेपर्यंत येऊ द्या. आत्या, माझ्या खांद्याला धरा. हळूच.

हरिओम : शीतल, तू थांब इथं. मी जातो.

शीतल : आणि पाला? चुना?

हरिओम : झडपा उघड, पंख्याचं गोणपाट काढ. बाकी तुला जमंल तसं कर. न्हाई जमलं तर राहू दे.

झुंबरबाई : अरे, अळ्यांचे शेवटचे दिवस हायेत. तू गेला तर हातचं समदं जाईल. ही येती ना माझ्यासंगं, तू कशाला...

हरिओम : सरक जराशी, माय. मला बसू दे.