तांबडीला बसू देऊ नकोस

(दुपार. तबेल्यासमोरचं मोकळं अंगण. बहीण, भाऊ आणि दोघांच्या मध्ये एक घोडी.)

भाऊ : दोर ढिला सोडू नकोस, ताई! बघ, पोटातल्या कळेनं गुडघे वाकवतेय. बसली की लोळणार आणि लोळली की आतडं पिळवटणार. ओढ तिला!

ताई : ओढतेच आहे रे. चल गं तांबडे, चल. दोन पावलं. शहाणी ना तू?

भाऊ : लाडीगोडीनं नाही चालायची ती. दे इकडे.

ताई : सकाळपासून तूच फिरवतोयस. डॉक्टर निघाले का?

भाऊ : कुणाची तरी गाय अडली होती, ती मोकळी झाली की निघतो म्हणाले. वाटेत असतील. मला एक कळत नाही, हिनं खाल्लं तरी काय? गवत तेच, पाणी तेच, दाण्याची चंदी तीच. बाकीचे दोघे बघ कसे मजेत उभे आहेत.

ताई : त्यांनाही तेच घातलंस?

भाऊ : तेच. फक्त हिच्या चंदीत जवसाचं तेल ओतलं. तूच कुरकुरत होतीस ना, हिच्या अंगावरची तकाकी गेली, रंगवायला मजा येत नाही म्हणून? म्हटलं, आमच्या बहिणाबाई पन्नाशीत एवढ्या हौसेनं चित्रं काढायला बसल्यात, तर घोडीनं तरी चमकावं.

ताई : कुठल्या डब्यातलं तेल?

भाऊ : डबा रिकामाच होता. शेजारी काचेची बाटली होती, तीतलं. चालव ना, थांबलीस का?

ताई : बारक्या... ती बाटली माझी.

भाऊ : म्हणजे?

ताई : रंगात घालायचं माझं तेल संपलं होतं. तेही जवसाचंच असतं. म्हणून तुझ्या डब्यातलं काढून घेतलं आणि त्यात टर्पेंटाइन मिसळलं. रंग पातळ करायला.

भाऊ : टर्पेंटाइन? ब्रश धुतेस ते?

ताई : हो.

भाऊ : आणि चंदीच्या फळीवर ठेवून दिलंस.

ताई : काल उजेड गेला, सगळं तसंच टाकून आत आले. तुला वास नाही का रे आला?

भाऊ : वास? तू आल्यापासून अख्ख्या तबेल्याला तोच वास आहे! माझ्या सदऱ्याला आहे, उशीला आहे. त्यातून वेगळा काय ओळखू मी?

ताई : पण तिला तरी? घोडं नको ते नाकाला लागलं की तोंड फिरवतं.

भाऊ : दुसऱ्या कुठल्याही घोड्यानं फिरवलं असतं. हिला तो वास म्हणजे तू. रोज समोर बसतेस, कपाळ खाजवतेस, रंगाच्या हातांनीच गाजर भरवतेस. चाटूनपुसून खाल्लं तिनं.

ताई : असं नको रे बोलूस.

भाऊ : मग कसं बोलू? फोन लाव डॉक्टरांना. आणि मी नाही सांगणार, तू सांग.

ताई : हॅलो, डॉक्टर? तांबडीसाठी ज्यांनी तुम्हाला बोलावलंय ना, त्यांची बहीण बोलतेय. कारण कळलं. तिच्या पोटात टर्पेंटाइन गेलंय.

डॉक्टर : अरे बापरे. किती?

ताई : तेलात मिसळलेलं होतं. दोन भाग तेल, एक भाग ते. पाण्याची मोठी बाटली असते तेवढी होती, ती निम्मी झालीय.

डॉक्टर : आता तोंडानं काही पाजू नका. दूध नाही, तेल नाही, कुणाचं घरगुती औषध नाही. चालवत ठेवा, पण दमवू नका. लीद टाकली का?

ताई : सकाळपासून नाही.

डॉक्टर : बरं. वळणावर आहे मी, पोचतोच.

ताई : ओकली असती तर सुटली असती ना रे?

भाऊ : घोड्याला ओकता येत नाही. गेलं ते आत गेलं.

ताई : ही एवढी जगू दे. मग सगळं पेटवून देते. रंग, ब्रश, ती सगळी चित्रं. पुन्हा हात लावणार नाही.

भाऊ : आली का गाडी मूळ पदावर! बाबा घोड्यावरून पडले, तू चित्रकलेचं कॉलेज सोडलंस. बाबा वर्षाच्या आत चालायला लागले. तू गेलीस परत?

ताई : घरात कमावणारं कोण होतं?

भाऊ : तेव्हा नव्हतं. नंतर मी होतो ना! जन्मभर विम्याच्या ऑफिसात शिक्के मारलेस. आणि सुट्टीला इथे आलीस की त्या कुंपणाला टेकून तासन्‌तास घोडे बघायचीस. मी काय आंधळा होतो?

ताई : हे उकरून काढायची वेळ आहे का ही?

भाऊ : मग काय करू? रडत बसू? मी बसलो की ही पण बसेल. चालव! ती बघ, गाडी आली. डॉक्टर, इकडे, इकडे!

डॉक्टर : जरा उभी करा. पोट ऐकू द्या. हं... आतडी अगदीच गप्प नाहीत. नाकातून नळी घालू. कोळशाची पूड आणि पाणी सोडतो, म्हणजे कोळसा विष शोषून घेईल. डोकं घट्ट धरा. नळी चुकून फुप्फुसात गेली तर संपलं.

भाऊ : धरलंय. अगं, ए! डॉक्टर, झटकतेय. मला धरू देत नाहीये.

डॉक्टर : कुणाचं ऐकते ही?

भाऊ : ताई, तू ये.

ताई : मी नको. माझ्या हातांना अजून तोच वास आहे.

भाऊ : म्हणूनच ये. धर.

ताई : मी आहे गं. मीच आहे. माफ कर मला, तांबडे. हलू नकोस. अशी... अशीच राहा.

डॉक्टर : छान. मान खाली राहू द्या तिची. गिळली. गेली नळी. आता ओततो, धरून ठेवा.

ताई : अंग थरथरतंय हिचं.

डॉक्टर : थरथरू दे. पाय रोवून उभी आहे, ते महत्त्वाचं. झालं. हे कळांसाठी इंजेक्शन. आता पुन्हा फिरवा, अगदी सावकाश.

भाऊ : डॉक्टर, वाचेल?

डॉक्टर : लीद टाकू दे, मग बोलतो.

ताई : सूर्य कलला रे. चांगल्या पन्नास फेऱ्या झाल्या असतील.

भाऊ : मोजू नकोस. चाल. थांब, थांब! शेपूट उचललं. ताई, बघ!

ताई : टाकली! बारक्या, टाकली रे लीद! काळीकुट्ट आहे.

डॉक्टर : कोळसाच तो. रस्ता मोकळा आहे. अजून मी पूर्ण सुटली म्हणणार नाही. सकाळी येऊन बघतो. पण आता बसली तर बसू द्या तिला.

भाऊ : डॉक्टर, उपकार झाले. या, सांभाळून जा. ताई, पूस ते डोळे.

ताई : तू आधी तुझे पूस.

भाऊ : एक ऐक. उद्यापासून तुझ्या त्या सामानातलं काहीही तबेल्यात नको. काडीसुद्धा.

ताई : नाहीच आणणार. म्हटलं ना, संपलं ते.

भाऊ : इथे अंगणात मांड. ही बरी झाली की मी बाहेर आणून धरीन.

ताई : तू? तुला दिवसभराची कामं पडलेली असतात. किती वेळ धरशील?

भाऊ : तुझं होईपर्यंत.