तिसरा पेला

सित्तना: ...आणि हा समोरचा डोंगर दिसतोय ना पोरी, वाकडा? आधी सरळ होता. माझ्या आजोबांचा उंट रोज त्याला पाठ घासायचा. घासून घासून वाकवला बघ.

नशवा: आजी, मी लिहून घेतेय हं.

सित्तना: लिही की. उंटाचं नावही घाल. त्याचं कुणी कुठे लिहिलं नाही अजून.

करार: आई, पुरे. ह्या कचेरीच्या इंजिनिअर आहेत, तीन दिवस गाडी हाकत आल्यात. गोष्ट ऐकायला नाही आल्या. तुम्ही विचारा, नशवाबाई.

नशवा: वस्तीत घरं किती?

करार: अकरा तंबू. माणसं पन्नासाला दोन कमी. शेळ्या किती ते विचारू नका, रोज बदलतात.

सित्तना: आणि माझा नवरा. तो त्या दगडांखाली आहे. त्याला धर, तो काही बदलत नाही.

नशवा: करारभाऊ, स्पष्ट सांगते. महिनाअखेरीला कुंपण घालणार. हा सगळा पट्टा खाणीला दिलाय, कारण नकाशात इथे कुणी राहत नाही. जुन्या मोजणीत जी विहीर चालू म्हणून लिहिलीय, ती आणि तिच्याभोवतीची वस्ती तेवढी वगळायची. बाकीच्यांना सडकेवर सिमेंटच्या खोल्या.

करार: मग काळजी कसली? आमची ही विहीर, अबू सयाल, माझ्या पणज्याच्या आधीपासून चालू आहे. थांबा, तुम्हाला दाखवतोच.

(करार विहिरीवर जातो. दोर ओढल्याचा आवाज. चामड्याची बादली घेऊन परत येतो.)

करार: प्या.

नशवा: ...गोड आहे.

करार: आहे का असं तुमच्या शहरात?

नशवा: नाही. पण मला आजचं पाणी बघायचं नाहीये, भाऊ. मोजणी झाली तेव्हाचं बघायचंय. एकेचाळीस वर्षांपूर्वीचं.

सित्तना: अगं बाई! म्हणजे तो मोजणीवाला मुनीर! चष्म्याला दोरी बांधलेला! करार, सांगू हिला?

करार: नको.

सित्तना: सांगते. तू आधी कॉफीचा पेला दे इकडे पोरी, दुसरा ओतते. आलं थोडं जास्त पडलंय, नाक मोकळं होईल. तर काय, हा मुनीर तीन पायांचं यंत्र घेऊन आला. यंत्राला तीन पाय, त्याला दोन, पण चालताना यंत्रच बरं चालायचं. मला विचारतो, या विहिरीचं पाणी कसं? मी म्हटलं, विष! आत जिन्न बसलाय, एक पाय शेळीचा. गेल्या वर्षी एक उंट हे पाणी प्यायला, तर संध्याकाळी माणसासारखा बोलला. माझं नाव घेतलं आणि मेला. माझ्या दिरानं चूळ भरली फक्त, तर डोक्यावरचे केस गेले, कानातले पण गेले!

करार: प्रत्येक लग्नात हेच.

सित्तना: लोकच मागतात. मुनीरनं सगळं लिहून घेतलं, यंत्र खांद्यावर टाकलं आणि गेला. परत फिरकला नाही.

नशवा: पाण्याबद्दल खोटं बोलायचं नसतं ना तुमच्यात? वाटेत कुणीतरी म्हणालं मला.

सित्तना: ज्यानं आपल्या हातची कॉफी घेतली, त्याच्याशी नाही. तीन पेले झाले की मग पाण्याबद्दल खरंच सांगायचं, नाहीतर आपल्या थडग्यावर वाटसरू दगडही ठेवत नाही. पण हा शहाणा घड्याळ बघून म्हणाला, वेळ नाही, नको. नको तर नको. मग काय सांगायचं ती माझी मर्जी.

नशवा: आजी, त्याची नोंद वाचून दाखवू?

सित्तना: आहे? वाच, वाच! उंटाचं आलंय का?

नशवा: ‘अबू सयाल. पाणी कडू, जनावरांना घातक. विहीर सोडून दिलेली. वस्ती नाही. माहिती देणार, स्थानिक बाई, नाव सित्तना.’

करार: ...आई.

सित्तना: वस्ती नाही असं मी नव्हतं म्हटलं.

करार: विषारी पाण्यावर कोण वस्ती करेल, आई?

सित्तना: पलीकडच्या खोऱ्यातल्या विहिरीचं काय झालं, ते बघितलंयस ना तू? तिचं सगळं खरं सांगितलं होतं तिथल्या लोकांनी. नकाशात गेली, मग ट्रक आले, पंप आला. तीन वर्षांत आतून वाळू निघायला लागली. तुझा बाप म्हणाला, नकाशात गेलेली विहीर आपली राहत नाही.

करार: आणि न गेलेली? चाळीस वर्षं हसलो गं त्या गोष्टीवर. माझ्या पोरींना पाठ आहे ती.

सित्तना: पोरी, शाई काढ. माझा अंगठा घे. लिही, म्हातारी खोटं बोलली. पाहिजे तर सगळ्या बोटांचे घे.

नशवा: ज्यानं एकदा खोटी माहिती दिली, त्याची पुन्हा घेत नाहीत, आजी. तेव्हाचे दोन साक्षीदार लागतात. जिवंत.

करार: तेव्हाचे सगळे त्या टेकाडावर आहेत. बोलावून आणू?

नशवा: मी वर साहेबांशी खूप भांडले हो. कारण मुनीरच्या वहीच्या कडेला अजून काही आहे. पेन्सिलीनं. वाचते. ‘शेळ्यांच्या दाढ्या ओल्या आहेत. पाणी गोड असणार. बाई घाबरलीय. विहीर तिची तिलाच राहू दे, सांगते तसंच लिहितो.’

करार: मग हा पुरावाच झाला की!

नशवा: शाईचं धरतात. पेन्सिलीचं धरत नाहीत.

करार: म्हणजे त्यानं उपकार केले आपल्यावर.

नशवा: त्याला तसंच वाटलं असणार.

सित्तना: थांबा, थांबा. म्हणजे तो फसला नव्हता?

नशवा: नाही, आजी.

सित्तना: जिन्नाचं पण नाही?

नशवा: नाही.

सित्तना: कानातल्या केसांचं?

करार: आई, सोड ना ते! अकरा तंबू उठणार आहेत इथून! अब्बांना काय, पाठीवर घेऊन जाऊ सडकेवर?

सित्तना: ओरडू नको. ऐकू येतं मला.

नशवा: मला निघायला हवं. ऊन उतरायच्या आत खिंड ओलांडायचीय. मी पुन्हा एकदा लिहीन वर. पण तुम्हाला खोटी आशा नाही देत मी.

करार: नकाच देऊ. शेळ्या तरी ठेवू देतील सडकेवर?

नशवा: खोलीला अंगण नाहीये, भाऊ.

सित्तना: बस पोरी. तिसरा राहिलाय तुझा.

करार: आता कशाला तिसरा? झालं की सगळं.

सित्तना: तिला नाही, तर मला दे. दे म्हणते ना. मला घ्यायचाय... हं. झाला तिसरा, आता खरं सांगायचं. आता हे लिहू नको पोरी, शाईनं नको आणि पेन्सिलीनंही नको. करार, तू ऐक.

करार: बोल.

सित्तना: मुनीर कॉफीला नको म्हणाला नव्हता.

करार: मग?

सित्तना: कॉफीचा जबना चुलीवर होता. आल्याचा वास अख्ख्या खोऱ्यात सुटला होता. कितीतरी वेळ बसला होता बिचारा, भांड्याकडे बघत. मीच ओतली नाही.