डोळा काढलेला कॅमेरा आणि काजळताई

आदरणीय अध्यक्षसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि कुठल्याही कार्यक्रमात उजव्या हातालाच बसणारे आपले विपणन संचालक, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती काजळताई, त्यांचे यजमान, त्यांची लेक, आणि हात लांब करून मोबाइलवर माझं चित्रण करणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला बजावलंय, थोडक्यात बोला आणि गोड बोला. मी सगळी नोकरी सर्व्हिस विभागात काढली. माझ्या काउंटरवर गोड बोलायला कोणी येत नाही, त्यामुळे मला त्याचा सराव नाही. थोडक्यात मात्र बोलून बघतो.

आत्ताच संचालकसाहेब म्हणाले की ताई स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की मला प्रश्न पडला, जी इच्छा इतक्यांदा सांगावी लागते ती नक्की कोणाची असते? असो. फुलं छान आहेत. हारही ताजा आहे.

नवीन मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. काजळ हे काही ताईंचं नाव नव्हे. कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची जी खिडकी असते, कागदोपत्री व्ह्यूफाइंडर, तिला आपण सगळे नुसतं ‘डोळा’ म्हणतो. त्याच्याभोवती काळं रबर असतं. ताई दिवसभर नमुने तपासायच्या आणि संध्याकाळी घरी निघताना उजव्या डोळ्याभोवती त्या रबराचा गोल वळ घेऊन निघायच्या. कोणीतरी म्हणालं, एकाच डोळ्यात काजळ घातलंत का? तेव्हापासून काजळताई. त्यांच्या यजमानांनीही घरी हेच नाव घेतलं, असं ऐकतो. ते मान डोलवताहेत, म्हणजे खरं असावं.

मोठ्या कॅमेऱ्यांत समोरचं दृश्य डोळ्यापर्यंत पोचवणारा आरसा असायचा, तो गेला तेव्हा पुष्कळांनी गळा काढला. ताईंनी नाही काढला. त्या म्हणाल्या, आरसा गेला तर जाऊ दे, डोळ्याच्या आत छोटासा पडदा बसवू, अंधारातसुद्धा दिसेल. आणि त्यांच्या गटानं तो बसवला. आपले छोटे, आरसा नसलेले कॅमेरे लोकांनी हौसेनं घेतले ते त्या डोळ्यामुळे. हे मी म्हणत नाही. हे आपल्याच त्या वेळच्या जाहिरातीत लिहिलेलं होतं, संचालकसाहेबांच्याच शब्दांत.

मग एक दिवस संचालकसाहेबांनी बैठक बोलावली. भिंतीवर आलेख आले, रंगीत. सांगण्याचा मतलब एवढाच की तरुण ग्राहक डोळा वापरतच नाही, तो काढला की कॅमेरा पातळ होतो, खिशात मावतो, शिवाय खर्च वाचतो.

ताईंनी विचारलं, “ही पाहणी कुठे केलीत?”

“दुकानांमध्ये.”

“म्हणजे छताखाली.”

“मॅडम, दुकानांना छत असतंच.” खोलीत हशा. साहेबांच्या विनोदाला हसणं हे आपल्याकडे कामाच्या स्वरूपातच येतं.

“पण ग्राहक कॅमेरा विकत घेऊन दुकानातच राहतो का?” ताई म्हणाल्या. “बाहेर पडला की मागच्या पडद्यावर ऊन पडतं. आपलंच तोंड दिसतं त्यात.”

त्यावर साहेब काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, “मॅडम, हल्ली भर उन्हात फोटो काढायला जातं कोण?”

अध्यक्षसाहेब, ज्या कंपनीचं पोट उजेडावर चालतं तिच्या संचालकाला उन्हात कोण जातं हे ठाऊक नसावं, याला काय म्हणावं? मी शब्द शोधतोय. सापडलेला इथे बोलण्यासारखा नाही.

गंमत म्हणजे त्या खोलीत बहुतेकांना चाळिशी लागलेली. स्वतः साहेब आकडे वाचताना कपाळावरचा चष्मा नाकावर आणत होते. ताईंनी तेही सांगून पाहिलं. म्हणाल्या, मागचा पडदा बघायला ज्याला चष्मा लागतो, त्यानं डोळ्याच्या शेजारची चकती फिरवली की चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. उत्तर आलं, “आपला ग्राहक तरुण आहे.” तरुण ग्राहक पुढे म्हातारा होतो, हे बहुधा पुढच्या पाहणीत निघेल.

गैरसमज नको. मी डोळ्याचा भक्त नाही. गळ्यात कॅमेरा अडकवून, डोळ्याशिवाय कला नाही अशी प्रवचनं झोडणारी मंडळी माझ्या काउंटरवर येतात, आणि त्यांच्या कॅमेऱ्यात आठवडाभराचे फोटो मांजराचे असतात. माझी सून नातीचे फोटो काढते ते जमिनीवर लोळत, पडदा वर उचलून. तिला डोळा नकोच आहे. झकास काढते. बिनडोळ्याचे कॅमेरे राहतील, खपतील, खपू देत. पण ज्याला डोळा लागतो त्याचं काय? त्याला “तू आता नाहीसच” असं आलेखावरून सांगून टाकायचं?

आपण सांगून टाकलं. ताईंच्या गटानं नव्या कॅमेऱ्याचा डोळा असलेला नमुना तयार करून ठेवला होता, चालता, उत्तम. तो कपाटात गेला. गट मोडला. कोणी बॅटरीत, कोणी कव्हरांत. आणि ताईंना बसवलं ग्राहकांसाठी माहितीपुस्तिका लिहायला. ज्या बाईनं काचा घडवल्या तिनं आता ‘बटण हळुवार दाबावे’ असं लिहायचं.

ताईंनी लिहिलं. रागात होत्या, माणूसच आहे. पुस्तिकेत शेवटी अडचणी आणि उपाय असतात ना, तिथे एक अडचण होती, ‘उन्हात पडदा दिसत नाही.’ समोर उपाय लिहिला, ‘सावली करावी.’ बस्स, दोन शब्द. त्यांना वाटलं, साहेब वाचतील, भडकतील, निदान त्यावरून भांडण तरी होईल. पण आपल्याकडे पुस्तिका कोण वाचतो? साहेबांनी न वाचता सही केली. ते दोन शब्द छापून प्रत्येक खोक्यात गेले.

एकीनं मात्र ते वाचले.

ती पूल तपासणारी इंजिनिअर. लोखंडी पाळण्यात बसून पुलाच्या बाहेरच्या अंगाला लोंबकळायचं, खांबाला, तुळईला कुठे तडा गेलाय का ते बघायचं आणि फोटो काढायचे, हे तिचं काम. तिच्याकडे आपलाच जुना छोटा कॅमेरा होता, डोळ्याचा. तो पडून डोळा फुटला, म्हणून तिनं नवा घेतला, विश्वासानं, आपल्याच कंपनीचा.

ती माझ्या काउंटरवर आली तेव्हा डोक्याला पट्टी होती. दोन्ही कॅमेरे समोर ठेवले आणि म्हणाली, “हा नवा परत घ्या. जुना दुरुस्त करून द्या.”

मी म्हटलं, “जुन्याचा डोळा आता बनत नाही. उरलेले भाग कंपनीनं मोडीत काढले. पण डोक्याला काय झालं?”

ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, हे मला जास्त लागलं. साधं सांगितलं तिनं. एका खांबाच्या माथ्याशी तिला केसासारखा तडा दिसला. समोरून ऊन, खाली नदीच्या पाण्याची चकाकी, पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. अंदाजानं फोटो काढले, खाली येऊन बघितले तर तडा एकातही नाही. वरच्या कार्यालयानं विचारलं, पुरावा कुठाय? तोवर पुलावरून मालमोटारी जातच होत्या. ती पुन्हा वर गेली. “घरी तुमची पुस्तिका काढून बघितली,” ती म्हणाली. “त्यात होतं, सावली करावी. आता हवेत लटकून सावली कुठून आणू? हेल्मेट काढलं आणि पडद्यावर धरलं.”

त्याच वेळी वरून काँक्रीटचा तुकडा निखळला.

टाके पडले. डोळ्याच्या अगदी वर. थोडक्यात वाचली. सभागृहात शांतता झाली, बरं झालं. मला ती बैठकीच्या दिवशी हवी होती.

मी ताईंना खाली बोलावलं. म्हटलं, तुमच्या माहितीतला डोळा कुठे उरला असेल तर बघा. त्या आल्या, त्या इंजिनिअर मुलीच्या शेजारी बसल्या, सगळं ऐकून घेतलं. पुस्तिकेची गोष्ट आली तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मी इथे सांगणार नाही. मग विचारलं, “पट्टी दुखते का गं?”

“आता नाही फारशी.”

“ते पुस्तिकेतलं मी लिहिलंय.”

“तुम्ही? पण ते बरोबरच आहे ना? सावली केली की दिसतं.”

“नाही गं,” ताई म्हणाल्या. “मी ते चिडून लिहिलं होतं. वरच्या लोकांना झोंबावं म्हणून. तू ते खरं धरशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

आणि उठून गेल्या. परत आल्या त्या कपाटातला तो नमुना घेऊन. मुलीच्या हातात दिला, डोळ्याची चकती तिच्या नजरेला जुळवून दिली, कोपर अंगाशी कसं घ्यायचं, कॅमेरा कपाळाला कसा टेकवायचा म्हणजे हात हलत नाही, ते दाखवलं. म्हणाल्या, “हा घेऊन जा. हेल्मेट काढायचं नाही.”

मी म्हटलं, “ताई, हा नमुना आहे. बाहेर न्यायचा नसतो.”

“माहितीये मला,” म्हणाल्या.

मुलगी जखम भरल्यावर पुन्हा वर गेली. तडा फोटोत आला, इतका स्वच्छ की वादाला जागाच उरली नाही. पूल जड वाहनांना बंद झाला, खांब दुरुस्त झाला. इंजिनिअरांच्या मासिकानं तो फोटो छापला. आता कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव लिहून ठेवतो, आणि मासिकवाल्यांनी ते फोटोखाली जसंच्या तसं छापलं. बाजारात नसलेल्या कॅमेऱ्याचं नाव! लोक विचारू लागले, हा कुठे मिळतो? आणि आपल्या कार्यालयात कोणाला आधी काय सुचलं? पुलाबद्दल विचारावं? त्या मुलीच्या डोक्याबद्दल? छे. चौकशी समिती.

साक्षीला मीही होतो. साहेबांनी ताईंना विचारलं, “कंपनीची मालमत्ता बाहेर कशी गेली?”

“मी दिली.”

“कोणाच्या परवानगीनं?”

“कपाटाला कुलूप नव्हतं,” ताई म्हणाल्या. “कुलूप लावावं इतकंही मोल कोणाला वाटलं नव्हतं त्याचं.”

“तो परत मागवा. आणि माफीपत्र द्या.”

“माफी मी त्या मुलीची मागितली आहे. कॅमेरा तुम्ही मागा. तुमच्या सहीनं पत्र पाठवा, तिला टाके का पडले ते ती उत्तरात लिहील.”

पुस्तिकेवर न वाचता सही करणाऱ्या हातानं त्या दिवशी पेन उचललं नाही. ते पत्र आजतागायत गेलेलं नाही. त्याऐवजी ताईंना ‘स्वेच्छा’ झाली.

आता पुढचं तुम्ही सगळे जाणताच. लोकांची मागणी वाढली तेव्हा साहेबांनी घोषणा केली की आमची कंपनी ग्राहकांचं ऐकते, म्हणून नव्या छोट्या कॅमेऱ्याला डोळा असेल. टाळ्या झाल्या. फक्त गट मोडलेला असल्यामुळे डोळा बनवणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा मिळेल तो स्वस्तातला बाहेरून आणून बसवला. खोक्यावर ‘डोळ्यासह’ असं ठळक छापलं की झालं. या छोट्या कॅमेऱ्यांचं भविष्य काय, डोळ्याचं की बिनडोळ्याचं, यावर हल्ली परिसंवाद होतात. मला विचाराल तर दोन्ही प्रकार बनतील, आणि बनवणाऱ्याला बघायचंच नसेल तर दोन्ही सारखेच आंधळे निघतील.

आज कार्यक्रमाआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर ताईंची सही छापायची त्यांची कल्पना आहे, तशी घोषणा समारंभाच्या शेवटी व्हावी, आणि ताईंची संमती मी मिळवावी, कारण साहेबांशी त्या फारशा बोलत नाहीत. मी गेलो. शेजारच्या खोलीत ताई लेकीबरोबर चहा घेत होत्या. नवा कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदरानं काच पुसली, खिडकीशी गेल्या, डोळा लावला. बाहेर बघितलं, मग लेकीकडे. चकती एका बाजूला फिरवली, मग दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, “काय?”

“कडा वाकड्या दिसताहेत. माझी पोरगी वळली की आतल्या पडद्यावर तिच्यामागे तिची सावली ओढली जाते. चष्मेवाल्याला तर कोपरे दिसणारच नाहीत.”

“मग सहीचं काय सांगू?”

कॅमेरा माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या, “माझी नको. लोक हे घेऊन भांडायला येतील तेव्हा काउंटरवर तुम्ही असाल. तुमचीच छापा.”

तेव्हा अध्यक्षसाहेब, ती घोषणा कार्यक्रमपत्रिकेतून वगळावी. ताई परवापासून जमीनमोजणीच्या दुर्बिणी बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात रुजू होताहेत. बॅटरीत धाडलेले त्यांचे जुने सहकारीही तिकडेच निघालेत, त्यांचे राजीनामे सोमवारी साहेबांच्या टेबलावर येतील. ही बातमी फोडायची नव्हती, पण फुटली.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा, आणि मध्येच ध्वनिक्षेपक बंद न केल्याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे. ताईंच्या यजमानांचे आणि लेकीचे आभार, इतकी वर्षं त्यांनी ताईंना आम्हाला उसनं दिलं. बोलण्याच्या ओघात कोणाचा अवमान झाला असेल तर उदार मनानं पोटात घालावा. ज्यांना तेवढं जमणार नाही त्यांच्यासाठी माझा काउंटर सोमवारी उघडतो.

नमस्कार.