विल्माचा नवरा दोनदा जगला

आदरणीय अध्यक्ष बॅनटाइनसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या अंगणातून आम्ही वर्षानुवर्षं चित्रीकरणाच्या तारा ओढल्या ते आर्डनेव्हिनचे सहनशील ग्रामस्थ, आणि आजच्या सत्कारमूर्ती ऊना गिलफिलन,

मालिका संपली. ऊनाने रंगवलेल्या विल्माच्या दुकानाला कुलूप लागलं. तिचा पडद्यावरचा नवरा, होडीवाला डॉड, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मालिकेत तिने मला दोनच शब्द बोलू दिले, त्यामुळे सराव आहे.

डॉड एकदा मेला होता, आठवतं ना? मला एडिनबरात नाटक करायचं होतं, म्हणून लेखकांनी मला सरोवरात बुडवलं. पण डॉडच्या अंत्यविधीच्या चित्रीकरणाच्या आधीच ऊनाचे यजमान रूरी अचानक गेले. खरेखुरे. आमच्या दिग्दर्शक शीना टॉरन्स तिला म्हणाल्या, "ऊना, हा प्रसंग आपण काढून टाकू."

"नको गं. घरी मला रडूच आलं नाही. पाहुण्यांना सँडविच वाढत राहिले. इथे तरी रडू दे."

मी शवपेटीत पडलेलो. ऊना आली, माझ्याजवळ बसली. लिहिलेलं एक वाक्य बोलली आणि मग थांबलीच. पेटीच्या काठावर हात ठेवून हमसून हमसून रडली. शीनाबाईंना 'कट' म्हणवेना. मी डोळे मिटून ऐकत होतो. मंडळी, अशा वेळी प्रेताने काय करावं? मी हात वर केला आणि तिचा हात धरला.

ऊना दचकली. मग डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, मेल्यावरही माझा प्रसंग खातोस!"

सगळे हसले. तीही हसली, पुन्हा रडली, आणि मी बराच वेळ पेटीतच बसून तिचा हात धरून राहिलो.

ते रडणं पुन्हा होणं शक्य नव्हतं. शीनाबाईंनी दृश्यातून माझा हात कापून तेवढं रडणंच दाखवलं. पण माझी बोटं पडद्यावर राहिली! प्रेक्षकांनी ती बरोबर हेरली. "डॉड जिवंत आहे का?" म्हणून इतकी विचारणा झाली, की लेखकांनी निमूटपणे डॉडला चुकून मृत ठरवल्याचा सगळा दोष मालिकेतल्या डॉक्टरांवर ढकलला आणि मला उठवलं. एडिनबरातलं नाटक राहिलं. खंत? छे! एवढी वर्षं बोलणी खायला एडिनबरात ही कुठे होती?

काल ती मला म्हणाली, "कॅलम, उद्यापासून सकाळी उठून करू काय रे?" विल्माच्या तोंडी असा प्रश्न कधी नव्हता. मी म्हणालो, "चहाला येतो."

"रिकाम्या हाताने येऊ नकोस," ती म्हणाली.

तर मंडळी, उद्या मी केक घेऊन चाललोय. संवाद कुणी लिहून दिलेले नाहीत, म्हणजे बोलणार तीच.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. ऊना, तू घालू नकोस. उद्या बोलायला काहीतरी लागेल.