डावीकडे खाली एक गुंज

फोटो नको हो योगेंद्रभाऊ — बाकी सगळं करा, फोटोचं तेवढं नका बोलू. बसा ना, उभे का? त्या खोक्यावर नका, त्यात तुळशीवृंदावन आहे मोत्याचं. इकडे बसा, पंख्याखाली. आणि चष्मा पुसा आधी, घामाने पार धुरकट झालाय — या नवागामच्या गल्लीत वारं कुठलं, लूमचा खडखडाट तेवढा येतो. हां, तर तुमचा हा वेबसाइटच्या चौकोनांचा कागद समजला मला. गायत्रीने तुम्हाला गाठलं म्हणून तिची आई काही अगदीच अडाणी नाही. पहिल्या पानावर नाव, मग कामाचे फोटो, मग काय काय मिळतं ते, मग गिऱ्हाइकांचे दोन शब्द, आणि शेवटी फोन नंबर — नाही, शेवटी नको, नंबर वर पाहिजे, मोठा. लग्नाच्या धावपळीत मुलीच्या आईला बोटाने खाली-खाली सरकवत बसायला वेळ असतो का? नसतो. आणि 'रुखवताची ऑर्डर सव्वा महिना आधी' हेपण लिहा, ठळक. लोक आठ दिवस आधी येतात आणि म्हणतात, ताई, सुपारीची सप्तपदी पाहिजे. अहो, नुसती भटजीची शेंडी एक दुपार खाते!

फोटो का नको? सांगते ना. तुम्ही आपल्यातलेच — रुखवत नवरीने स्वतः केलेलं असतं. म्हणजे, असायला पाहिजे. हॉलमध्ये टेबलावर मांडतात, पुढे कार्ड ठेवतात, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले', आणि नवऱ्याकडच्या बाया रांगेने बघत जातात, मुलीचा हात कसा आहे ते. आता पोरगी सकाळी नऊला घर सोडते, संध्याकाळी सातला येते, ती काय सुपारीला साडी नेसवत बसेल? मग तिची आई माझ्याकडे येते, आणि रिक्षात वरून चादर टाकून सामान घेऊन जाते. अकरा वर्षं झाली. दोनशेच्या वर रुखवतं केली मी आणि एकावरही — हसू नका — एकावरही माझं नाव नाही. तुमच्या चौकोनात एक फोटो पडला की भेस्तानपासून चलथाणपर्यंत दहा सासवा मोबाइल घेऊन सुनांसमोर उभ्या राहतील. आणि ते गिऱ्हाइकांचे दोन शब्द कोण देणार? ज्यांनी चादर टाकून नेलं त्या?

सुरुवात? सुरुवात काय, साड्यांना खडे चिकटवायचे मी घरी बसून, कापड मार्केटचं काम. लेस उरायची, खडे उरायचे, आणि माझा हात काही गप्प बसत नाही. भाचीच्या लग्नात नारळाचा गणपती केला, खोबऱ्याच्या वाटीत कमळं कोरली — तिथून जे लागलं ते लागलं. हे लिहा त्या 'आमच्याविषयी'मध्ये. पण एक मात्र नका लिहू. एकदा मी गिऱ्हाइकाच्या लग्नाला गेले, मावशी म्हणून, आमच्या ह्यांना घेऊन. टेबलापाशी नवऱ्याची आत्या म्हणाली, पोरीच्या हातात काय कला आहे हो! मीपण म्हटलं, हो ना, काय कला आहे. आणि जिलेबी घेतली. हे लूमवर तीस वर्षं राबलेले, कानाने कमी ऐकतात, म्हणून मोठ्याने बोलतात — सगळ्यांसमोर विचारलं, 'उषा, आठे तुनं नाव कोठे शे व?' माझं नाव शोधत होते त्या कार्डावर. मी हात धरून बाहेर आणलं त्यांना. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी रडले मी, तिथंच, चपलांच्या ढिगापाशी.

तेव्हापासून सही करते. कोणाला दिसत नाही अशी. सप्तपदीचा पाट असतो ना, त्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एक गुंज चिकटवते — लाल, काळ्या डोळ्याची, सोनाराकडे असायची ती. ह्यांना माहीत, गायत्रीला माहीत, आणि आता तुम्हाला. माझं तोंड असं आहे बघा, एक कप चहा पोटात गेला की काही राहत नाही आत.

काय? नाही, गिऱ्हाइकांचे नको म्हटलं ना — अच्छा, नमुना दाखवताय, उजेड कसा पाहिजे ते. दाखवा. तुमच्याच लग्नातलं? अरे वा! मिसेसनी स्वतः केलं? सहा महिने खपली? वा, वा... छान आहे. चांगलं आहे हो. उजेड बाजूने घेतलाय... सुपारीच्या नवऱ्याला चष्मा... नाही, काही नाही, उचकी लागली. ठेवा आता मोबाइल, चहा गार होतोय. मोठं कशाला करताय ते चित्र? समजला मला उजेड! कोपऱ्यात काय बघायचंय — योगेंद्रभाऊ, नका करू मोठं.

गुंज काय, कोणीही लावतं. वेलीला लागते, बाजारात मिळते, त्यात काय... चष्मा पुसून परत काय बघताय?

बरं, ऐका मग. तेजस्विनी ना मिसेसचं नाव? दिंडोलीची, उंच, बोलताना केस कानामागे घेते. दोनशे नवऱ्या झाल्या, सगळ्यांच्या आया आल्या; नवरी स्वतः आली ती हीच एक. तीन रविवार. म्हणाली, मावशी, सगळं तुम्ही करा, पण त्यांना चष्मा आहे, तो मीच करणार. तांब्याची बारीक तार घेऊन बसली. पहिला तुटला, दुसरा सुपारीच्या नाकावर बसेना, तिसऱ्याला बोटात तार घुसली, रक्त आलं. मी म्हटलं, दे इकडे, दोन मिनिटांत करते. नाही दिला! चौथा बसला तेव्हा टाळ्या वाजवल्या तिने, इथंच, तुम्ही बसलात तिथं. देवाशपथ, बाकी सगळं माझं, चष्मा तिचा. चोरीच म्हणायची तर मी पण सामील आहे त्यात, माझ्यावर रागवा.

आणि फोटोंचं सुचलंय मला आत्ता. माझ्या लग्नात टेबलावर पाच पापड आणि शेवयांचं एक ताट होतं. बस. सासरच्या बायकांनी बघितलं आणि पुढे गेल्या. लागलं होतं ते मनाला, अजून आहे. तर मी करते माझं रुखवत. सुपारीचा लोटू पाटील, म्हणजे आमचे हे, लूमपाशी उभा. सुपारीची मी, हातात गोंदाची बाटली. आणि कार्ड — 'उषाबाई लोटू पाटील हिने स्वहस्ते केलेले'. त्याचा काढा फोटो, तो लावा पहिल्या पानावर, हवा तेवढा मोठा. यात कोणाची सासू चिडणार? कोणाची नाही. गुंजसुद्धा मधोमध लावते यावेळी. महिना द्या मला, भटजीच्या शेंडीसकट.

उठा आता. कागद राहू द्या इथंच, गायत्रीला दाखवते. आणि घरी गेल्यावर तेजस्विनीला गुंजेचं विचारू नका. विचारायचंच असेल तर, चष्मा करताना बोटाला किती लागलं होतं, ते विचारा. जा. आणि जाताना दार ओढून घ्या, मोती उडतात.